मदत हवी आहे: नागिणीच्या डागांवरच नवीन पुरळ, बायॉप्सी करावी का?

नमस्कार मंडळी,

आईबद्दल विचारायचं आहे. वय ६४, मधुमेह आहे. दिवाळीच्या आधी तिला उजव्या कुशीत नागीण झाली होती. गोळ्या वेळेत सुरू झाल्या, तीन आठवड्यांत खपल्या पडल्या, काळपट डाग तेवढे राहिले.

आता पाच महिन्यांनी नेमक्या त्या डागांवरच जांभळट, चपटे फोड उठलेत. आत पाणी नाही, वरून चकाकतात. खाज इतकी की रात्री ओल्या पंच्याची घडी कुशीला दाबून बसते. बाकी अंगावर कुठेही काही नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "नागीण उलटली. तोंड-शेपूट जुळलं की संपलं." तेव्हापासून आई रोज आरशासमोर पदर बाजूला करून पट्टा कुठवर आला ते बघते. तोंड-शेपूट जुळून कुणी दगावत नाही, हे किती वेळा सांगितलं तरी तिच्या मनातून जात नाही.

त्वचेच्या डॉक्टरांना ही नागीण वाटत नाही, लायकेन प्लॅनसचा (जांभळट, चपट्या, खाजऱ्या पुरळाचा त्वचारोग) संशय आहे. एक त्वचारोग बरा झालेल्या जागी दुसराच, वेगळा रोग उठतो, त्याला 'वुल्फ आयसोटोपिक रिस्पॉन्स' म्हणतात. रॉनी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हे नाव दिलं, आणि नागिणीनंतरच तो सर्वाधिक दिसतो. विषाणूमुळे तिथल्या बारीक नसा दुखावतात आणि त्या जागेची प्रतिकारशक्ती बिघडते, असा तर्क आहे. मला हा 'कोब्नर' नावाचा प्रकार वाटला होता. पण त्यात अंगात असलेला रोगच जखमेच्या जागी उठतो, आणि आईला असं आधी कधीच नव्हतं.

एक चूक माझ्याकडून झाली. डॉक्टरांकडे जाण्याआधी मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणून आठ दिवस लावली. त्यात स्टिरॉइड निघालं. त्याने पुरळाचं मूळ रूप झाकलं जातं, म्हणून ती लगेच बंद करायला लावली.

ग्रॅन्युलोमा ॲन्युलेरसारखे इतर आजारही अशा जागी उठतात, म्हणून बायॉप्सी सुचवलीय. आई म्हणते, "तिथं अजून आग होते रे, सुई नको."

नागिणीनंतर असं कुणाच्या घरी झालंय का? दुखऱ्या जागेवर बायॉप्सी कितपत सोसली? मधुमेहात टाका भरायला किती दिवस लागले? आणि आईची समजूत कशी काढू, तेही सांगा. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना कळवायचं आहे.