थॅडियस स्टीव्हन्स आणि बटलर खटला

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी राजकारणी थॅडियस स्टीव्हन्स पहिल्यापासून गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता, असं म्हटलं जातं. काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, स्टीव्हन्सबद्दल ते खरं आहे; पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या गेटिसबर्ग गावच्या तरुण वकिलाबद्दल नाही. १८२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयात चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीने स्वातंत्र्यासाठी लढलेल्या खटल्यात तो मालकाच्या बाजूने उभा होता, आणि जिंकला! पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राज्यात राहिला की मोकळा. गुलामगिरी चालू असलेल्या शेजारच्या मेरीलँड राज्याची सीमा गेटिसबर्गहून जेमतेम दहा मैलांवर, त्यामुळे तिथल्या कोर्टात सगळा वाद दिवस मोजण्याचाच. चॅरिटीला अनेक फेऱ्यांत पेनसिल्व्हेनियात आणलं गेलं होतं. बेरीज सहा महिन्यांच्या वर जात होती, पण सलग मुक्काम तेवढा नव्हता. मुदत सलगच हवी, असा निकाल लागला. ती गुलामच राहिली.

पुढे स्टीव्हन्सने पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने खटले लढवले. १८३३ मध्ये तो राज्याच्या विधानसभेत गेला, १८३५ मध्ये मोफत शाळांचा कायदा रद्द होऊ दिला नाही. मला स्वतःला १८३८ ची गोष्ट जास्त वजनदार वाटते. राज्याच्या नव्या घटनेत मतदान फक्त गोऱ्या पुरुषांपुरतं ठेवलं, म्हणून घटना परिषदेचा सदस्य असूनही त्याने मसुद्यावर सही केली नाही.