पंपावर प्रेशर पडलं की परफ्यूजनिस्ट आळशी?

पंपामागचा: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "बायपासवर (हृदय थांबवून पंपाने रक्त फिरवताना) मीन प्रेशर (सरासरी रक्तदाब) ७० च्या खाली गेलं की किडनी गेलीच समजा. फिनाइलेफ्रिन (रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवणारं औषध) द्यायला परफ्यूजनिस्टने (पंप चालवणाऱ्याने) आळस करू नये." आळस? अहो, प्राइमने, म्हणजे पंपात आधी भरलेल्या द्रवाने, रक्त पातळ होतं, रक्तवाहिन्यांचा रेझिस्टन्स पडतो, फ्लो (शरीराच्या चौरस मीटरमागे मिनिटाला) २.४ लिटरचा पूर्ण असूनही प्रेशरचा आकडा ५० वर येतो. त्यावर औषध मारलं की मॉनिटर छान दिसतो. पाइपाचं तोंड दाबलं तर धार लांब जाते, बादली लवकर भरत नाही. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा वाटा) २१ टक्के असेल तर ऑक्सिजन पोचतो किती ते बघा. रानुचींच्या २०१८ च्या चाचणीत ऑक्सिजनची डिलिव्हरी (चौरस मीटरमागे मिनिटाला) २८० मिलीच्या वर राखली तर किडनीला इजा कमी झाली.

भूलवाली: स्टेज १ ची, म्हणजे सौम्य इजा कमी झाली. गंभीर स्टेज २-३ मध्ये फरक नव्हता, ते सोयीस्कर गाळलंत. आणि १९९५ ची गोल्ड यांची चाचणी? २४८ रुग्ण, प्रेशर ८०-१०० ठेवलेल्यांत हृदय-मेंदूची गुंतागुंत कमी.

पंपामागचा: मग २०१८ ची डेन्मार्कची पण सांगा की. प्रेशर ४०-५० विरुद्ध ७०-८०, मेंदूच्या एमआरआयवर फरक शून्य.

मुलगा_रुग्णाचा: मी डॉक्टर नाही. बाबांची कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी) अरुंद होती, ते फाइलमध्ये होतं. ऑपरेशननंतर त्यांनी मला ओळखलं नाही. तुमचा 'फरक शून्य' माझ्या आईला समजावून सांगा.

भूलवाली: घ्या. आता बोला.

पंपामागचा: वाईट वाटलं, खरंच. पण ते प्रेशरनेच झालं हे कुणी ठरवलं? एओर्टातला (हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीतला) कचरा सुटूनही होतं.

आयसीयू_नाइट: तुमचं चालू द्या. आम्हाला मात्र शीटवर द्रवाचा 'बॅलन्स +१८००' (मिली) मिळतो आणि तोही खोटा! प्लेजिया (हृदय थांबवायला दिलेला द्रव) धरलेला नसतो, हिमोफिल्टरने रक्तातून काढलेलं पाणी दोनदा वजा केलेलं. पेशंटच्या पापण्या सुजून मिटलेल्या, आणि मी पहाटे फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) देऊ की व्हॉल्यूम (आणखी द्रव), हे अंदाजाने ठरवायचं.

पंपामागचा: प्लेजिया मोजू कसा? सर्जन अर्धा वॉल सक्शनमध्ये (भिंतीवरच्या शोषण-नळीत) ओढतो, तो माझ्या रिझर्व्हॉयरमध्ये (पंपाच्या रक्तटाकीत) येतच नाही.

आयसीयू_नाइट: सक्शनच्या बाटलीवर रेघा असतात. वाकून बघायच्या. आणि हँडओव्हरला 'युरिन झकास' म्हणणं बंद करा, प्राइममध्ये मॅनिटॉल (लघवी वाढवणारं द्रव्य) घातल्यावर मूत्र येणारच. त्यात किडनीचं कौतुक कसलं?

भूलवाली: हे मात्र बरोबर. पण पंपावर असताना प्रत्येक वेळी टाकीची 'लेव्हल खाली गेली' म्हणून क्रिस्टलॉइड (सलाइनसारखा द्रव) ओततं कोण? रेट्रोग्रेड प्राइमिंगचा (प्राइमच्या जागी पेशंटचंच रक्त पंपात भरण्याचा) आग्रह धरला की तोंडं वाकडी होतात.

पंपामागचा: कारण त्या वेळी प्रेशर पडतं, आणि तुम्हीच ओरडता! लेव्हल शेवटच्या रेषेवर आली की हवा जायची भीती मला असते, तुम्हाला नाही.

भूलवाली: पुन्हा आरडाओरडा नको. ज्याचं मेंदूचं रक्ताभिसरण आधीच तोकडं आहे, त्याला ७० च्या वर ठेवायचं की नाही, एवढंच सांगा.

पंपामागचा: ठेवतो, बाईसाहेब. पण ते एओर्टाला क्लॅम्प (चिमटा) लावायच्या आधी सांगा, नंतर नाही. आणि प्लेजियाला शीटवर वेगळा रकाना द्या, लिहीन.

आयसीयू_नाइट: रकाना आहे. गेल्या वर्षीच छापलाय. तिसऱ्या पानावर, रिकामा.