‘मस्ट नॉट’ आणि ‘डोन्ट हॅव टू’ यांत फरक कोणता?

प्रश्न (कोथरूड, पुणे): शनिवारी कार्यालयात येण्याची सक्ती नाही, हे कळवताना मी सहकाऱ्यांना ‘यू मस्ट नॉट कम’ असे लिहिले आणि काहींनी ते मनाला लावून घेतले. माझे काय चुकले?

उत्तर १: होकारार्थी वाक्यांत ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ जवळपास समानार्थी असले, तरी नकारात त्यांच्या वाटा वेगळ्या होतात, ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘येता कामा नये’, तर ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे ‘आलेच पाहिजे असे नाही’. आपण नकळत बंदीच घातलीत!

उत्तर २: सहमत. शिवाय ‘काल यावे लागले’ हे ‘हॅड टू’नेच सांगावे, कारण ‘मस्ट हॅव कम’चा अर्थ ‘आला असणार’ असा तर्काचा होतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सुधारित सूचना आजच पाठवतो.