गाडीवरची करसवलत फक्त अस्थिव्यंगालाच का?

गोदाकाठ (परभणी)
माझी लेक 19 वर्षांची. बौद्धिक अक्षमता, अपंगत्वाच्या कार्डावर 75 टक्के. 2023 ला तिच्यासाठी छोटी गाडी घेतली, 28 टक्के जीएसटी भरून. सवलतीचा दर 18 होता, पण तो 40 टक्के किंवा जास्त अस्थिव्यंग असणाऱ्यांनाच. शोरूममधल्या पोरानं तिचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं अन् म्हणाला, "काका, हातपाय तर नीट आहेत की." बसमध्ये गर्दी झाली की ती कान दाबून दोन सीटांच्या मधे खाली बसते. मग तिला कोणी उठवू शकत नाही, मी पण नाही. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. गाडीच्या कराला त्यातले हातपायच तेवढे कसे दिसतात?

बीडचा ड्रायव्हर
काका, लेकराचं कळतं, पण मला हे पटत नाही. मला पोलिओ, डावा पाय. क्लच हातावर घेतलाय, आरसीवर तशी नोंद केलीय. गाडी नसली तर माझं दुकान बंद. दुसऱ्यानं चालवायची गाडी अख्खं घर वापरतं. आमच्याकडं एकानं लंगड्या चुलत्याच्या नावावर गाडी घेतली. चुलते ओसरीवर, गाडी वरातीत. सगळ्यांना दार उघडलं की हेच वाढणार.

गोदाकाठ
अरे, तो चुलता अस्थिव्यंगच ना? म्हणजे पळवाट तुमच्याच रांगेत निघाली, त्याचा दंड माझ्या लेकीला का? एसटीत जास्त अपंगत्व असेल तर सोबत्यालाही तिकिटात सवलत मिळते. कंडक्टरला समजतं की हे माणूस एकटं जाऊ शकत नाही.

हिशोबनीस (लातूर)
दोघंही जुन्या दरावर भांडताय. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल अन् 1500 पर्यंतच्या डिझेल गाडीवर सगळ्यांनाच 18 टक्के. दिव्यांगाला वेगळं काय उरलं? त्याच्यापेक्षा मोठी घ्या, 40 टक्के.
माझी आई व्हीलचेअरवर. आमच्या गाडीत सीएनजीच्या टाकीनं डिकी खाल्लीय. खुर्ची घडी करून मागच्या सीटवर आडवी टाकतो, आई पुढं, अन् वडील घरी राहतात, कारण जागाच नाही. दवाखान्यात तिला उचलायला दुसरा माणूस लागतो, तो तिथंच शोधावा लागतो. व्हीलचेअरवर 5 टक्के कर, अन् ती नीट मावेल त्या गाडीवर 40! मी काकांच्या बाजूनं आहे, पण मागायचं तर हे मागा.

बीडचा ड्रायव्हर
मोठ्या गाडीचं एकदम खरं. माझी कुबडीसुद्धा तिरपी ठेवावी लागते.

गोदाकाठ
अन् गैरवापराचं म्हणशील, तर नोंदणीच्या अर्जात मालकीच्या रकान्यात 'दिव्यांगजन' असा प्रकार 2020 ला आलाच आहे. गाडी लेकीच्या नावावर करा, पाच वर्षं विकू देऊ नका, जुन्या सवलतीला अट होती तशी. मी सही करून देतो.

बीडचा ड्रायव्हर
तिच्या नावावर असली तर माझा निम्मा विरोध मागे. पण पैसा थोडाच असला तर आधी स्वतः चालवणाऱ्याला, हे मी सोडणार नाही. हाताच्या क्लचचा खर्च मी खिशातून केलाय काका, त्याला कुठलीच सवलत मिळाली नाही.