माटोळीतलं म्हाळुंग: छातीला बरं की नुसतं जिभेला?

माटोळीकार, डिचोली
चवथ झाली, गणपतीवर टांगलेली फळा-पानांची माटोळी उतरवली आणि घरात ठरलेला वाद सुरू झाला. केवणीचे दोर सोडता सोडता आईने म्हाळुंग बाजूला काढलं. "टाकू नको, बाबांच्या छातीला बरं." जाड साल किसून ती साखरेत मुरवते. भाऊ दरवर्षी हसतो. यंदा मी चरकसंहिताच काढली. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात दहा हृद्य द्रव्यं दिलीत, त्यात शेवटचं मातुलुंग, म्हणजे आपलं म्हाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच. लिंबाच्या कुळातली फळं हृदयाला हितकर, हे आपल्या माणसांना ठाऊक होतं असं माझं स्पष्ट मत. ज्याला पटत नाही त्याने बोलावं.

सोलकढी
मला नाही पटत. यादी पुरी वाचलीत का? आंबा, अंबाडा, करवंद, कोकम, बोर, डाळिंब. बहुतेक आंबटच, नुसती नावं घेतली तरी तोंडाला पाणी सुटतं. 'हृद्य' म्हणजे मनाला भावणारं. आपण हृद्य सत्कार करतो तेव्हा कुणाच्या धमन्या साफ करतो काय? रुची आणणाऱ्या फळांची यादी तुम्ही हार्टच्या डॉक्टरची चिठ्ठी करून टाकलीत.

माटोळीकार
हृदयाला हितकर हाही त्या शब्दाचा अर्थ आहेच की. आणि आजचंच शास्त्र हवं तर घ्या: या फळांच्या पांढऱ्या गरात पेक्टिन असतं, ते कोलेस्टेरॉल थोडं उतरवतं. शिवाय पोटॅशियम, शिवाय क जीवनसत्त्व.

सोलकढी
पेक्टिन मान्य, 'थोडं' हा शब्द तुम्हीच घातलात म्हणून. क जीवनसत्त्वाचं मात्र राहू द्या. अमेरिकेत 14,641 पुरुष डॉक्टरांवर मोठी चाचणी झाली, काहींना रोज 500 मिलिग्रॅम, जवळपास 8 वर्षं. निष्कर्ष 2008 साली आला: हार्ट अटॅक, पक्षाघात काही कमी झालं नाही.

माटोळीकार
ती गोळी होती हो. फळ आणि गोळी एक कशी?

औषधांच्या काउंटरमागून, फोंडा
तुमचं भांडण चालू दे, मला वेगळीच काळजी आहे. माटोळीला तोरंजनही असतं, पपनस. चवथीनंतर ते घरोघरी सोलून खातात. त्यात अशी द्रव्यं आहेत जी आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात. मग कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन, काही प्रमाणात ॲटॉर्वास्टॅटिन, रक्तदाबाची फेलोडिपिन, निफेडिपिन यांचा नेहमीचाच डोस रक्तात जास्त चढतो. स्नायू दुखतात, कधी बीपी नको तितकं उतरतं. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते 1989 मध्ये, पपनसाच्या भावंडावर, ग्रेपफ्रूटवर, तेही योगायोगाने. सकाळी गोळी आणि संध्याकाळी फळ असं करून सुटका नाही, परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. रोसुवास्टॅटिनवाल्यांना हा त्रास जवळजवळ नाही. गोड संत्र्याचंही भय नाही. पण गोळीच्या पाकिटावरचं बारीक नाव वाचतो कोण? लोक सांगतात, "ती पांढरी, हार्टची."

म्हापशाची आजी
पोरांनो, फळाचं काय घेऊन बसलात? आमच्या घरात लिंबू पोटात जातं ते लोणच्यातून. पेजेबरोबर दोन फोडी, वर खार. माझ्या घोवाला बीपी, आणि तो म्हणायचा, "लिंबू आहे, औषधच ते." दिवसाचं सगळं मीठ धरून 5 ग्रॅमच्या आत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी बरणी वरच्या फळीवर ठेवली. तो स्टूल घेऊन चढला.

सोलकढी
आजी, तुम्हीच जिंकलात.

माटोळीकार
मी माघार घेतलेली नाही, म्हाळुंगाबद्दलचं मत कायम. पण फोंड्याचं वाचून उठलो आणि बाबांचं पाकीट बघितलं. ॲटॉर्वास्टॅटिन, 40 मिलिग्रॅम. आणि गेले चार दिवस जेवणानंतर अर्धं तोरंजन चाललंय, मीच सोलून देतोय. पोटऱ्या दुखतात म्हणत होते, आम्ही म्हटलं माटोळी बांधताना उभे राहिले म्हणून असेल.

औषधांच्या काउंटरमागून, फोंडा
आजपासून तोरंजन बंद. गोळी मनाने थांबवू नका, डॉक्टरांना आत्ता फोन करा आणि पोटऱ्यांचं आधी सांगा. लघवीचा रंग काळपट दिसला तर सकाळची वाट बघू नका.

माटोळीकार
फोन लावला, उद्या सकाळी बोलावलंय, रक्त तपासणार आहेत. लघवी नेहमीसारखी आहे. उरलेली दोन तोरंजनं भावाला दिली. तो अजून हसतोय.