जनुकसंपादन म्हणजे जनुक मिळवणं का?

प्रश्न असा आला आहे: भूसंपादन म्हणजे जमीन ताब्यात घेणं, विश्वास संपादन करणं म्हणजे विश्वास मिळवणं. मग जनुकसंपादन (इंग्रजीत 'जीन एडिटिंग') म्हणजे कुठून तरी नवं जनुक मिळवणं का?

शंका अगदी रास्त आहे. 'संपादन' हा सम् + पद् या धातूच्या प्रयोजक रूपावरून आलेला शब्द. मूळ अर्थ घडवून आणणं, सिद्धीस नेणं. त्याला पुढे दोन फाटे फुटले. एक 'मिळवणं' आणि दुसरा, मजकुरावर हात फिरवून तो छापण्याजोगा करणं. जनुकांच्या बाबतीत दुसरा अर्थ घ्यायचा. इथला मजकूर म्हणजे डीएनए, आणि जनुक म्हणजे त्याचाच एक तुकडा. चारच अक्षरं, पण माणसाच्या जनुकसंचाची एक प्रत सुमारे ३ अब्ज अक्षरांची. त्यातलं नेमकं ठिकाण शोधून तिथली अक्षरं बदलणं म्हणजे जनुकसंपादन.

वाक्यात हा फरक बऱ्याचदा विभक्तीवरून कळतो. 'विश्वास संपादन केला', पण 'लेखाचं संपादन केलं'. समासात विभक्ती गळते आणि खूणही जाते. शिवाय 'जमिनीचं संपादन' असंही आपण म्हणतोच, त्यामुळे ही खूण पक्की नाही.

तरीही हा शब्द टाकून द्यावा असं मला वाटत नाही, कारण सुचवले जाणारे पर्याय जास्त दिशाभूल करतात.

'जनुकदुरुस्ती' घ्या. सोपा, कानाला गोड, पण त्यात 'आधी काहीतरी बिघडलेलं होतं आणि तेच नीट केलं' हे गृहीत आहे. क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्रावर आधारलेल्या ज्या उपचाराला जगात सर्वांत आधी मंजुरी मिळाली, त्यालाच हे लागू पडत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारांसाठी कॅसजेव्ही हा उपचार मंजूर केला. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. कॅसजेव्ही त्या अक्षराला हातच लावत नाही! गर्भात असताना आपलं शरीर वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिन बनवतं आणि जन्मानंतर बीसीएल११ए नावाचं जनुक ते जवळजवळ बंद करतं. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी बाहेर काढून त्यांच्यात या बीसीएल११एचा जोर कमी केला जातो आणि त्या पेशी शरीरात परत सोडल्या जातात. गर्भातलं ते हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. बिघडलेलं जनुक मात्र होतं तसंच राहतं. याला दुरुस्ती कसं म्हणायचं? संपादन म्हणता येतं. चुकलेलं वाक्य तसंच ठेवून दुसऱ्या ठिकाणी फेरफार केला आणि लेख सावरला, असं संपादकही करतात.

'जनुककात्री' हा शब्द मला आवडतो, पण तो अवजाराचा, क्रियेचा नव्हे. एमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवलेलं क्रिस्परमधलं कॅस९ हे प्रथिन खरोखर कात्रीसारखं डीएनएचे दोन्ही धागे कापतं. त्यासाठी त्यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण २०१६ पासून असं तंत्रही आहे, ज्यात दोन्ही धागे न कापता एका अक्षराचं दुसरं अक्षर करता येतं. तिथे कात्रीपेक्षा खोडरबर आणि पेन्सिल म्हणणं जास्त बरोबर.

'जनुकबदल' निरुपद्रवी वाटतो, पण बदल आपोआपही होतात. त्याला 'उत्परिवर्तन' हा शब्द आहे. मुद्दाम, ठरवून केलेला बदल हा अर्थ 'संपादन'मध्येच येतो. जाता जाता, 'जनुकीय सुधारित बियाणं' हा प्रयोग मला फार खटकतो. मूळ कल्पना फक्त बदल केलेलं बियाणं अशी, आणि आपण 'सुधारित' म्हणून वादाचा निकाल आधीच लावून टाकतो. 'परिवर्तित' म्हणावं. दुसऱ्या जातीचं जनुक घातलेलं असेल तर 'पारजनुकीय' हा नेमका शब्द आहे.

आता त्याहून महत्त्वाची जोडी: 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक'. बातम्यांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच विशेषण बहुधा चालतं. मराठीत दोन आहेत, हे आपलं भाग्य आहे आणि ते वाया घालवू नये. जनुकीय म्हणजे जनुकांशी संबंधित. आनुवंशिक म्हणजे पुढच्या पिढीत उतरणारं. कॅसजेव्हीने केलेला बदल जनुकीय आहे, आनुवंशिक नाही. तो रुग्णाच्या रक्तपेशींपुरता राहतो, मुलांकडे जात नाही. याउलट २०१८ मध्ये चीनमध्ये भ्रूणांचं संपादन करून जुळ्या मुलींना जन्म दिल्याचं जाहीर झालं, तेव्हा जगभर संताप उसळला तो बदल आनुवंशिक होता म्हणूनही. उद्या घरातल्या कोणाला डॉक्टर असा उपचार सुचवतील, तेव्हा पहिला प्रश्न हाच असेल. तो एका शब्दात विचारता यावा.

'जनुक' या शब्दाबद्दलही थोडं. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी १९०९ मध्ये 'जीन' हा शब्द रूढ केला. तो ज्या ग्रीक धातूकुळातून आला, त्याचाच भाऊबंद म्हणजे संस्कृत 'जन्', जन्मणं. त्यामुळे 'जनुक' हे ओढूनताणून केलेलं भाषांतर वाटत नाही.

लिहिताना 'जनुकीय संपादन' असं सुटं न लिहिता 'जनुकसंपादन' जोडून लिहावं, निदान पहिल्यांदा येईल तिथे 'जनुकांचं संपादन' अशी षष्ठी दाखवावी.

एका ठिकाणी मात्र मीही अडलो आहे. आता अशीही तंत्रं येत आहेत, ज्यांत डीएनएचं एकही अक्षर बदलत नाही, फक्त त्यावरच्या रासायनिक खुणा बदलून जनुक चालू किंवा बंद केलं जातं. मजकूर तोच, त्यातलं काय वाचायचं आणि काय गाळायचं तेवढं बदललं. याला संपादन म्हणवत नाही. 'जनुकनियमन' सुचतं, पण ते पेशी स्वतःही अखंड करतच असते. कोणाला चांगला शब्द सुचतोय का?