जुन्या ३५ मिमी प्रोजेक्टरवर मोठं रीळ चढवायचंय, सल्ला हवा

चिंचपोकळीकर

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळाकडे (चाळीच्या तळमजल्यावरचा हॉल, ऐंशी खुर्च्या, त्यातल्या बारा मोडक्या) एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा ३५ मिमी प्रोजेक्टर आला आहे. जुना कार्बन कांड्यांचा दिवा काढून झेनॉन दिवा आधीच कोणीतरी बसवलेला आहे, आवाजही ठीक येतो. अडचण स्पूलबॉक्सची (रीळ ज्यात बसतं तो मशीनवरचा बंद डबा). वरचा-खालचा दोन्ही २००० फुटांचे, म्हणजे २२ मिनिटांत रीळ संपतं. मशीन एकच असल्यामुळे मग दिवे लावा, रीळ बदला, लूप घाला, दिवे घालवा. मागच्या महिन्यात दोन तास दहा मिनिटांचा मराठी चित्रपट लावला, त्यात हे पाच वेळा झालं. चौथ्या वेळी पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "त्यापेक्षा गोष्ट तोंडी सांग, लवकर संपेल."

एका भंगारवाल्याकडे ६००० फुटांची चार रिकामी रिळं बघून ठेवली आहेत. स्पूलबॉक्स काढून लांब हात बसवले तर जमेल का? मुंबईत असं काम कोणत्या भागात होईल? पैसे वर्गणीचे आहेत, त्यामुळे हात आखडता.

फिल्लमबाज

सोपं आहे की. १६ मिमीच्या मशीनला आम्ही हाताला पट्टी जोडून, लांब बेल्ट टाकून मोठं रीळ लावायचो. ॲल्युमिनियमची पट्टी आणि दोन बोल्ट, काम झालं.

बूथवाले_काका

फिल्लमबाज, १६ मिमीचं १६०० फुटांचं भरलेलं रीळ दीड-दोन किलोचं. ३५ मिमीचं ६००० फूट म्हणजे नुसती फिल्मच साडेबारा किलोच्या आसपास, वर लोखंडी रिळाचं वजन. व्यास दोन फूट. दोन बोल्टांवर ते लटकवलंत तर पहिल्या रांगेतल्या आजोबांना खरंच गोष्ट सांगायला मिळेल.

चिंचपोकळीकर, मी गिरणगावातल्या एका थिएटरात (नाव नको) बूथमध्ये एकोणतीस वर्षं काढली. हात लांब करणं हे यातलं सगळ्यात किरकोळ काम आहे. खरी मारामारी खालच्या रिळाच्या क्लचची, म्हणजे ते रीळ घसरत-घसरत फिरवणाऱ्या जोडणीची.

खालचं रीळ फिल्म ओढून घेतं. जुन्या मशीनवर ती ओढ फेल्टच्या किंवा चामड्याच्या चकतीच्या घर्षणाने मिळते आणि ती शाफ्टवर जवळपास सारखीच राहते. रीळ रिकामं असतं तेव्हा फिल्म हबच्या (रिळाच्या मधल्या गाभ्याच्या) जवळ गुंडाळली जाते, ताण जास्त बसतो. रीळ भरत जातं तसा ताण कमी होतो. तुमच्या २००० फुटी रिळाचा हब ५ सेंटिमीटरचा असेल, भरल्यावर व्यास साधारण ३५. म्हणजे सुरुवातीचा ताण शेवटच्या सातपट. एवढं तो क्लच सांभाळतो. त्याच ५ सेंटिमीटरच्या हबवर ६००० फूट चढवलेत तर बारापट. सुरुवातीला फिल्मच्या कडेची छिद्रं फाटतील, नाहीतर शेवटी रीळ फिरायचंच थांबेल आणि फिल्म जमिनीवर सांडेल.

माझ्यावर ही वेळ आली आहे. खालचं रीळ अडकलं, मी खिडकीतून पडद्याकडे बघत उभा, आणि मागे पायाशी शेवयांचा डोंगर. बाहेरून "ए ऑपरेटर, झोपला काय!" सुरू. पुढचे दोन तास ती फिल्म सोडवण्यात आणि मालकाचं ऐकण्यात गेले.

म्हणून भंगारवाल्याकडे जाऊन आधी त्या रिळांचा हब मोजा. साडेबारा सेंटिमीटर (५ इंच) किंवा त्याहून मोठा असेल तर डोळे मिटून घ्या. मग गुणोत्तर पाचपटीच्या आसपास येतं, म्हणजे तुमच्या आत्ताच्या रिळापेक्षाही बरं. हब बारीक असेल तर फुकट दिली तरी नको.

चिंचपोकळीकर

काका, शंभर सलाम. उद्याच फूटपट्टी घेऊन जातो. जोर वाढवायला क्लचची स्प्रिंग आवळली तर?

बूथवाले_काका

थोडी आवळावी लागेलच, कारण शेवटी त्रिज्या मोठी आणि वजनही जास्त. पण आवळली की सुरुवातीचा ताणही वाढतो हे विसरू नका. काही मशीनांचा क्लच रिळाच्या वजनानेच दाबला जातो, रीळ जड होईल तशी पकड आपोआप वाढते. तुमचा तसा असेल तर निम्मं काम झालं. कसं ओळखायचं? रिकाम्या रिळाने शाफ्ट हाताने अडवून बघा, मग भरलेल्या रिळाने. दुसऱ्या वेळी ठळकपणे जड लागलं तर तोच.

लेथवाली

माझं साकीनाक्याला छोटं वर्कशॉप आहे. प्रोजेक्टर कधी उघडलेला नाही, पण मुद्दा कळला. घर्षणाच्या क्लचऐवजी खालच्या शाफ्टला स्वतंत्र टॉर्क मोटर दिली तर? अडवून धरली तरी ती जळत नाही, ओढत राहते.

बूथवाले_काका

अगदी बरोबर, ताई. मोठ्या रिळांची मशीनं आणि टॉवर (मोठी रिळं धरणारे वेगळे उभे स्टँड) आले तेव्हा बहुतेक हेच केलं. मशीनची मुख्य मोटर फक्त फिल्म चालवते, रिळाची ओढ वेगळ्या मोटरकडे.

लेथवाली

मग चिंचपोकळीकरांनी मला तीन गोष्टी पाठवाव्या. शाफ्टचा व्यास, मशीनच्या अंगावर स्पूलबॉक्स ज्या बोल्टांवर बसलाय त्यांच्यातलं अंतर, आणि खालच्या शाफ्टपासून जमिनीपर्यंतची उंची. शेवटचं महत्त्वाचं. रिळाची त्रिज्या ३० सेंटिमीटर असेल तर तेवढी जागा खाली हवी आणि मागे दिव्याच्या घरापर्यंतही. नवीन शाफ्ट करायचा असेल तर रीळ हातात आल्यावरच करा. मोठ्या रिळांचं भोक लहान रिळांइतकंच असेल असं धरून चालू नका.

बेअरिंग आणि बेल्टसाठी नागदेवी स्ट्रीटला जा, मोटर आणि स्विच लोहार चाळीत मिळतील. ब्रॅकेट मात्र जाड एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटचं करा, ॲल्युमिनियमच्या पट्टीचं नको. (फिल्लमबाज, रागावू नका.)

फिल्लमबाज

रागावलो नाही, शिकतोय. 😀

निळी_छत्री

मी जुन्या प्रिंट्स तपासायचं काम करते, म्हणून एक वेगळी काळजी. मोठं रीळ म्हणजे लहान रिळं एकमेकांना जोडणं, आणि जोडायचं म्हणजे प्रत्येक रिळाचे आगे-मागचे लीडर (चित्र नसलेले फिल्मचे तुकडे) काढणं. दर वेळी कापताना एखादी फ्रेम जाते. दहा वेळा शो झाला की वाक्याच्या मध्येच उडी येते. तुम्ही लावता त्या प्रिंट्स कोणाच्या आहेत? उसन्या किंवा संग्रहातल्या असतील तर कृपया कापू नका. संग्रहालयं साधारणपणे अशा प्रिंट्स दोन मशीनवर रीळ बदलतच दाखवायला सांगतात, ते याचसाठी.

स्वतःच्या असतील तर: जोड फक्त टेपचा, सिमेंटचा (फिल्म चिकटवायच्या द्रावणाचा) नको. पॉलिएस्टरच्या फिल्मला सिमेंट धरतही नाही. लीडर कापताना त्याची एक फ्रेम चित्राकडे राहू द्या, म्हणजे परत कापताना चित्र वाचतं. आणि काढलेले लीडर नावं लिहून त्याच डब्यात ठेवा.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते रीळ मोठ्या रिळात अजिबात जोडू नका. ॲसिटेट (फिल्मचा प्लास्टिकचा पाया) कुजायला लागलेलं असतं, आकसलेलं असतं, छिद्रं दात्यांवर नीट बसत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होतं. १९५० च्या सुमाराची किंवा त्याआधीची प्रिंट असेल तर नायट्रेट (भडकन पेट घेणारी जुनी फिल्म) नाही ना याची जाणकाराकडून खात्री करून घेतल्याशिवाय मशीनजवळही आणू नका. ते जुने बंद स्पूलबॉक्स आणि त्यांच्या तोंडाशी असलेले रोलर आग रिळापर्यंत पोचू नये यासाठीच होते.

चिंचपोकळीकर

प्रिंट्स मंडळाच्याच, दोन. दोन्ही सत्तरच्या दशकातल्या, वास घेतला, फक्त डांबरगोळ्यांचा आला. शिवाय जाहिरातींचा एक गठ्ठा आहे, तो बळी द्यायला चालेल.

हब मोजला: १३ सेंटिमीटर! घेतली चारही.

दादरचा_डोअरकीपर

एवढ्या खटपटीपेक्षा दुसरं मशीनच का नाही बघत? चेंजओव्हरची, म्हणजे न थांबता एका मशीनवरून दुसऱ्यावर जायची, मजा वेगळी. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पहिला ठिपका आला की मोटर सुरू, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका की झाकण इकडून तिकडे. लोकांना पत्ताही लागत नाही.

चिंचपोकळीकर

हॉलमध्ये दुसरं मशीन ठेवलं तर मंडळाचं कपाट आणि गणपतीचं मखर बाहेर पॅसेजमध्ये. कार्यकारिणी मला पॅसेजमध्ये ठेवेल.

बूथवाले_काका

दोन मशीन असतील तर लहान रिळंच बरी, हे खरं. आमच्या वेळी एक प्रिंट दोन थिएटरांत चालायची, पोरगा सायकलवर डबे घेऊन पळायचा. ६००० फुटांचं रीळ घेऊन कोण पळणार?

आता चिंचपोकळीकर, एक हिशेब करा. ३५ मिमी मिनिटाला ९० फूट जाते. ६००० फूट म्हणजे ६६ मिनिटं. तुमचा चित्रपट १३० मिनिटांचा, म्हणजे ११,७०० फूट. अर्धा अर्धा केला तर ५८५० फूट, काठोकाठ. रीळ कडेपर्यंत भरू नये, फिल्म घसरून बाहेर येते. आणि इंटरव्हल बरोबर मध्यावर आहे का? हजार-हजार फुटांची किती रिळं आहेत आणि "मध्यंतर" कितव्याच्या शेवटी येतं ते बघा.

चिंचपोकळीकर

बारा रिळं. मध्यंतर सातव्याच्या शेवटी. 😐

बूथवाले_काका

मग पहिला भाग ६८०० फुटांचा. ६००० मध्ये मावत नाही. सहाव्याच्या शेवटी थांबलात तर नायिका दारात उभी आणि दिवे लागले, असं काहीतरी होईल.

माझं ऐका. रिळं ६००० चीच वापरा पण चार-चार जोडून ३९०० फूटच भरा. तीन खेपा, ४३ मिनिटांच्या. व्यास ५० सेंटिमीटरच्या आत राहील, फिल्मचं वजन आठ किलो. क्लचवरचं गुणोत्तर चारपटीच्याही खाली येईल, कदाचित नवी मोटर लागणारच नाही. पाच थांब्यांऐवजी दोन. एकात चहा, एकात बटाटेवडा.

अजून दोन सूचना. सुरू करताना वरच्या जड रिळाला हाताने किंचित ढकला, नाहीतर मोटरच्या पहिल्या झटक्याला सगळं वजन छिद्रांवर येतं. आणि वरच्या शाफ्टला हलका ब्रेक हवाच, मशीन थांबलं तरी आठ किलोचं रीळ फिरतच राहतं. हाताचा रिवाइंडर (फिल्म उलटी गुंडाळायचं यंत्र) असेल तर त्यालाही मोटर लावा, नाहीतर शोनंतर खांदा धरून बसाल.

निळी_छत्री

आणि फिल्म सैल झाली किंवा तुटली की मोटर बंद करणारा रोलरचा स्विच लावा. नव्या पॉलिएस्टर प्रिंट्स तुटत नाहीत, त्या मशीनच मोडतात.

लेथवाली

तो स्विच मी फुकट देते. मोबदल्यात शोचं आमंत्रण.

चिंचपोकळीकर

(तीन आठवड्यांनी)

अपडेट. ब्रॅकेट लेथवालींनी करून दिलं, ६ मिमी प्लेटचं. मशीनच्या पायाला मागून लोखंडी ठोकळे लावले, कारण वरचं रीळ चढवल्यावर स्टँड पुढे झुकत होता. हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. क्लच वजनावर चालणारा निघाला. नवं फेल्ट कापून घातलं, स्प्रिंगला हात लावला नाही. जाहिरातींचा गठ्ठा जोडून ३८०० फूट तीनदा चालवले. पहिल्यांदा शेवटच्या दोन मिनिटांत खालचं रीळ आळसावलं, फेल्टवर तेल उडालं होतं. पुसल्यावर पुढच्या दोन्ही वेळा नीट.

येत्या रविवारी संध्याकाळी ट्रायल शो. खऱ्या प्रिंटऐवजी एका भंगार प्रिंटवर करतोय, रहस्यपट आहे आणि त्याचं शेवटचं रीळ हरवलेलं आहे, त्यामुळे खून कोणी केला ते कळणार नाही. तरीही यायचं असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काकांसाठी बूथमध्ये खुर्ची ठेवली आहे, मोडकी नाही.